गोळी मेंदूची, खूण हिरडीवर

सुरुवात बहुतेक वेळा पुढच्या दातांपासून होते. दोन दातांच्या फटीत हिरडीचं जे त्रिकोणी टोक असतं ते फुगतं, गोल होतं, आणि तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा उंचवटा दिसू लागतो. दुखत नाही, ठणकत नाही, रंगही बराचसा नेहमीसारखा गुलाबीच. शेजारच्या फटीत तसाच दुसरा उगवतो. मग ते एकमेकांना मिळतात आणि हिरडी दातावर चढायला लागते. वर्ष-दीड वर्षात कुणाचा निम्मा दात झाकला जातो, कुणाच्या तोंडात दातांची फक्त टोकं उरतात आणि ओठ मिटेनासे होतात. लहान मुलांमध्ये दुधाचे दात पडले तरी नवे वेळेवर येत नाहीत. ते या जाड, घट्ट हिरडीखाली अडकून बसतात.

दाताच्या डॉक्टरांना हे चित्र ओळखायला फार वेळ लागत नाही. तोंडातला आरसा बाजूला ठेवून ते विचारतात, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?" त्यावर खुर्चीतल्या मुलीची आई चटकन म्हणते, "काही नाही हो, अधूनमधून डोकं दुखतं त्याची एक आहे." ती गोळी डोक्याचीच असते, एवढं खरं. ती असते फिटची. आपल्याकडे हजारो घरांत जी 'एप्टॉइन' म्हणून माहीत आहे, ते फिनिटॉइन. आईनं ते लपवण्याची कारणं हिरडीच्या बाहेरची आहेत. त्यांच्याकडे नंतर येऊ. मेंदू शांत करणारं औषध तोंडात जाऊन हा उद्योग का करतं, या प्रश्नाचा माग काढायचा तर शंभराहून अधिक वर्षं मागे जावं लागतं.

फिट आवरणारं पहिलं खरं औषध तोंडाला अजिबात मानवलं नव्हतं. ११ मे १८५७ रोजी लंडनच्या रॉयल मेडिकल अँड चिरर्जिकल सोसायटीत अपस्मारावर एक निबंध वाचला गेला. त्यावरच्या चर्चेत सर चार्ल्स लोकॉक उठले. ते राणी व्हिक्टोरियाचे प्रसूतितज्ज्ञ. पाळीच्या सुमारास फिट येणाऱ्या काही बायकांना आपण पोटॅशियम ब्रोमाइड दिलं आणि एक सोडता सगळ्यांना गुण आला, असं त्यांनी सांगितलं. ब्रोमाइड कामवासना मंद करतं आणि अपस्मार तिच्यातूनच उपजतो, असा त्यांचा तर्क होता. तर्क पार चुकीचा, औषध मात्र लागू पडलेलं. वैद्यकाच्या इतिहासात हे इतक्यांदा घडलं आहे की आता त्याचं नवल वाटू नये. पुढच्या वीसेक वर्षांत लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या मज्जाविकारांच्या इस्पितळात वर्षाला सुमारे अडीच टन ब्रोमाइड खपू लागलं. त्याची किंमत रुग्णाच्या चेहऱ्यावर आणि तोंडात दिसायची: अंगावर पुरळ, जिभेवर जाड थर, श्वासाला घाण वास, डोस चढला की बोबडी वळलेली आणि तोंडातून लाळ. अशा माणसाच्या फिट कमी झालेल्या असत, पण त्याच्याजवळ बसायला कुणी तयार नसे.

१९१२ साली जर्मनीत फ्रायबुर्गला आल्फ्रेट हाउप्टमान नावाचा तरुण डॉक्टर अपस्माराच्या रुग्णांच्या वॉर्डाच्या वरच राहायचा. रात्रभर खाली कुणाला तरी फिट यायची आणि याची झोपमोड व्हायची. म्हणून त्यानं रुग्णांना झोपेची औषधं देऊन पाहिली, असं सांगतात. त्यांतलं एक होतं ल्युमिनाल, म्हणजे फिनोबार्बिटल. रुग्ण झोपले, आणि दिवसाही त्यांच्या फिट कमी झाल्या. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला हेच औषध 'गार्डिनल' म्हणून ठाऊक आहे. हाउप्टमान ज्यू होते. नाझी राजवटीनं त्यांना प्राध्यापकी सोडायला लावली, दाखाऊच्या छळछावणीत डांबलं, आणि शेवटी ते अमेरिकेत बोस्टनला गेले. त्यांच्या औषधानं हिरड्यांना फारसा त्रास दिला नाही. पण माणूस दिवसभर पेंगायचा, शाळेतलं पोर वर्गात मान टाकायचं.

ही पेंगच टाळायची होती. बोस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये ट्रेसी पटनम यांच्या डोक्यात एक साधा हिशेब होता. फिनोबार्बिटलच्या रचनेत जो फिनाइल गट आहे तो फिट थांबवत असेल, तर त्या घराण्यातलंच पण झोप न आणणारं एखादं रसायन सापडायला हवं. त्यांनी डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस कंपनीकडून अशी रसायनं मागवली. चाचणी मांजरांवर. मांजराच्या डोक्यातून मोजका विजेचा प्रवाह सोडायचा आणि किती प्रवाहाला आकडी येते ते पाहायचं. औषध दिल्यावर तो आकडा वाढतो का ते पुन्हा पाहायचं. हा प्रवाह देणाऱ्या यंत्रातला एक भाग पहिल्या महायुद्धातल्या जर्मन विमानातून काढलेला होता. कपाटांत धूळ खात पडलेल्या त्या रसायनांत एक होतं डायफिनाइल हायडॅन्टॉइन, म्हणजे आजचं फिनिटॉइन. ते कीलमध्ये हाइनरिश बिल्ट्स यांनी १९०८ सालीच बनवलेलं. त्यानं झोप येत नव्हती, म्हणून औषध म्हणून कुणाला त्यात रस नव्हता. पटनमना नेमकं तेच हवं होतं.

१९३८ साली पटनम आणि ह्यूस्टन मेरिट यांनी रुग्णांवरचे निकाल छापले. इतर औषधांना दाद न दिलेल्या १४२ रुग्णांतल्या मोठ्या आकड्या येणाऱ्यांपैकी ५८ टक्क्यांच्या आकड्या पूर्ण थांबल्या, आणखी २७ टक्क्यांच्या खूप कमी झाल्या. गुंगी नाही, पेंग नाही. माणसं कामावर परतू लागली. इतक्या झपाट्यानं स्वीकारलं गेलेलं औषध त्या काळात विरळाच.

हिरडीनंही फार वाट पाहिली नाही. दुसऱ्याच वर्षी, १९३९ मध्ये, ओ. पी. किंबॉल यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये लिहिलं की या औषधावरच्या ११९ रुग्णांपैकी ५७ टक्क्यांच्या हिरड्या कमीअधिक वाढल्या आहेत. त्यांना पहिली आठवण झाली ती स्कर्व्हीची. सुजलेल्या हिरड्या म्हटलं की त्या पिढीच्या डॉक्टरांना लिंबू न मिळालेले खलाशीच दिसायचे. किंबॉल यांनी रक्तातलं क जीवनसत्त्व मोजलं, ते कमी भरलं, आणि निदान ठरलं. मग जागोजागी रुग्णांना क जीवनसत्त्व दिलं गेलं. हिरड्या ढिम्म. स्कर्व्हीची हिरडी मऊ, जांभळी, नुसत्या स्पर्शानं रक्त सोडणारी. ही घट्ट, फिकट, मजबूत. इतका फरक डोळ्यांसमोर असताना ही कल्पना काही वर्षं टिकली, कारण ती सोयीची होती: गोळी बदलायची गरज नव्हती, संत्र्यांचा रस दिला की झालं.

पुढची काही दशकं संशय दोन दिशांनी फिरला. एक गोष्ट प्रत्येक दंतवैद्याच्या नजरेत भरत होती: जिथे दात नाही तिथे ही वाढ जवळजवळ होतच नाही. बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्याला हेच औषध वर्षानुवर्षं द्या, हिरडी सपाट राहते. म्हणजे दाताच्या कडेला बसणारा जंतूंचा चिकट थर, ज्याला दवाखान्यात प्लाक म्हणतात, त्याचा यात हात आहे. दुसरी गोष्ट तितकीच उघड होती: दिवसातून दोनदा मन लावून दात घासणाऱ्यांच्याही हिरड्या वाढत होत्या आणि कधीच नीट न घासणाऱ्या काहींच्या वाढत नव्हत्या. साधारण निम्म्यांना होतं, निम्म्यांना नाही. पण खुर्चीत बसलेल्या रुग्णाला सांगायला पहिली गोष्ट सोपी. "ब्रश नीट करत नाही तुम्ही," हे वाक्य या रुग्णांनी जितकं ऐकलं तितकं क्वचितच कुणी ऐकलं असेल. त्यात अर्धं सत्य होतं, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी पोरगं आरशापुढे उभं राहून हिरड्या रक्ताळेपर्यंत घासत होतं.

रुग्ण मात्र आपला निष्कर्ष काढून मोकळे झाले होते. केन कीसी यांची 'वन फ्लू ओव्हर द कुकूज नेस्ट' ही कादंबरी १९६२ सालची. मनोरुग्णालयातल्या त्या गोष्टीत सेफेल्ट नावाचा रुग्ण आहे. हिरड्या कुजतील या धास्तीनं तो फिनिटॉइनची, म्हणजे तिथल्या नावानं डायलॅन्टिनची, गोळी चोरून शेजारच्या फ्रेडरिक्सनला देतो आणि स्वतः फिट येऊन कोसळतो. दोघांनाही फिटचाच आजार. एकाला आकडीची जास्त भीती, दुसऱ्याला दात गमावण्याची. कीसी स्वतः अशा रुग्णालयात रात्रपाळी करत असत, त्यामुळे हे त्यांनी हवेतून काढलं असेल असं वाटत नाही. गोळी जिभेखाली धरून नंतर थुंकणारे रुग्ण आजही भेटतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाला अडाणी ठरवणं मला पटत नाही. फिट महिन्यातून एखादी येते, हिरडी रोज आरशात दिसते.

याच सुमारास एका वेगळ्याच माणसाच्या मनात उलटा प्रश्न आला. औषध जर हिरडीचं मांस वाढवतं, तर जखम भरायला ते उपयोगी पडेल का? १९५८ साली शपिरो यांनी अपस्मार नसलेल्या लोकांना, हिरडीवरची शस्त्रक्रिया झाल्यावर, हे औषध दिलं आणि जखमा लवकर भरतात असं नोंदवलं. त्या एका निरीक्षणातून फिनिटॉइनची भुकटी जखमेवर भुरभुरण्याची पद्धत निघाली. ती भारतात चांगलीच रुजली: कुष्ठरुग्णांच्या बधिर तळपायांवरचे व्रण, मधुमेहींच्या पायांच्या चिघळलेल्या जखमा, भाजल्याच्या जखमा. एप्टॉइनच्या गोळ्या कुटून जखमेवर टाकणारे सर्जन आपल्या सरकारी इस्पितळांत पाहायला मिळतात, आणि त्यातल्या अनेकांना ही कल्पना एका दंतशस्त्रक्रियेतून आली हे माहीत नसतं.

हिरडीचं कोडं सुटायला खरी मदत झाली ती अपस्माराशी संबंध नसलेल्या दोन औषधांची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला किडनी बदललेल्या रुग्णांना सायक्लोस्पोरिन मिळू लागलं, आणि त्यांच्या हिरड्या हुबेहूब तशाच वाढल्या. लगेच १९८४ मध्ये रक्तदाबाच्या निफेडिपिनबद्दल तीच तक्रार आली. एक औषध मेंदूचं, एक प्रतिकारशक्ती दाबणारं, एक रक्तवाहिन्या सैल करणारं. तिघांची घराणी वेगळी, हिरडीवरचा परिणाम एक. तेव्हा लक्ष औषधांवरून हिरडीतल्या पेशींकडे वळलं. हिरडीत फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी सतत कोलॅजनचे धागे विणतात आणि जुने धागे मोडून टाकण्याचं कामही तिथेच चालतं. आजचा बराचसा मान्य कयास असा की ही तिन्ही औषधं पेशीत जाणारं कॅल्शियम आणि त्याच्याबरोबर फोलेट कमी करतात. त्यामुळे मोडतोड करणारं एन्झाइम पुरेसं तयार होत नाही, विणकाम चालू राहतं, माल साचत जातो. ज्यांच्या पेशी जन्मतःच या बाबतीत हळव्या त्यांच्यात हे दिसतं, इतरांत नाही. प्लाकमुळे येणारी सूज यात भर घालते. म्हणजे ब्रशवाले डॉक्टर चुकीचे नव्हते. त्यांनी धरलेलं टोक गोष्टीच्या शेवटचं होतं.

फोलेटचा धागा पकडून सर्वांत नेटका प्रयोग झाला तो आपल्या देशात. दिल्लीच्या एम्समध्ये रवींद्र आर्य आणि सहकाऱ्यांनी नुकतीच फिनिटॉइन सुरू केलेली ६ ते १५ वर्षांची १२० मुलं घेतली. काहींना रोज अर्धा मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड (म्हणजे गोळीतलं फोलेट), काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, सहा महिने. निष्क्रिय गोळीवरच्या ८८ टक्के मुलांच्या हिरड्या वाढल्या, फॉलिक ॲसिडवरच्या फक्त २१ टक्के मुलांच्या. २०११ साली हे 'न्यूरॉलॉजी' या जर्नलमध्ये आलं. किंबॉल यांच्या निबंधाला तेव्हा ७२ वर्षं झाली होती. जीवनसत्त्वावर संशय घेण्यात ते चुकले नव्हते, असं म्हणायचा मोह होतो. फक्त त्यांनी क वर बोट ठेवलं, आणि फोलेट निघालं ब गटातलं.

इतर औषधांची तोंडाशी वेगवेगळी भांडणं आहेत. व्हॅल्प्रोएट १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये ग्रेनोब्लला अपघातानंच सापडलं. ते दुसऱ्या औषधांना विरघळवण्यासाठी वापरलं जात होतं आणि फिट तेच थांबवत होतं. ते हिरडीला क्वचितच छेडतं, पण रक्तातल्या प्लेटलेट कमी करू शकतं, म्हणून दाढ काढण्याआधी तपासणी लागते. टोपिरामेट घेणारे लोक एक मजेशीर तक्रार करतात: सोडा किंवा कोला पचपचीत लागतो, बुडबुडे आहेत पण झणका नाही. जिभेवर फेसाळ पेयाचा झणका ज्या एन्झाइममुळे जाणवतो त्यालाच हे औषध अडवतं. मुलांना दिली जाणारी गोड सिरपं रात्री झोपताना पाजून मूल तसंच झोपवलं, की किडलेल्या दातांचं खापर पुन्हा फिटवर. आणि १९६८ साली एस. आर. मेडो यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिल्यापासून डॉक्टरांचं लक्ष अजून न जन्मलेल्या तोंडांकडेही गेलं: गरोदरपणात ही औषधं घेणाऱ्या काही आयांच्या बाळांचे ओठ आणि टाळू दुभंगलेले होते.

पण यांतलं सर्वांत विचित्र वळण कार्बामाझेपिनचं. हे औषध १९५३ मध्ये बाझलच्या गायगी कंपनीत वॉल्टर शिंडलर यांनी बनवलं. १९६२ साली स्वीडनच्या सिगफ्रिड ब्लोम यांनी ते अपस्मारासाठी नाही तर चेहऱ्याच्या वेदनेसाठी वापरल्याचं लिहिलं. या वेदनेचा, म्हणजे ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचा, रुग्ण पहिल्यांदा न्यूरॉलॉजिस्टकडे जातच नाही. गालात वीज चमकल्यासारखी कळ येते, घास चावताना, चूळ भरताना, पंख्याचा वारा लागला तरी. तो म्हणतो दाढ दुखते. दाढ काढली जाते. कळ तिथेच. मग शेजारची. तोंडाची एक बाजू रिकामी करून आलेले रुग्ण मुंबई-पुण्याच्या मोठ्या इस्पितळांत नवीन नाहीत, आणि त्यांतले कित्येक टेग्रिटॉलच्या, म्हणजे कार्बामाझेपिनच्या, एका गोळीनं दोन दिवसांत शांत होतात. इथे फिटचं औषध स्वतः दंतवैद्याच्या चिठ्ठीवर येतं. त्यासोबत एक धोकाही येतो: काहींना त्यानं स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम होतो, ज्यात ओठ, गाल आणि टाळूची कातडी फोडांनी सोलून निघते. अनेकदा सुरुवात तोंडातच होते आणि ती साधं तोंड आलं म्हणून सोडून दिली जाते. २००४ साली तैवानच्या संशोधकांनी हे एचएलए-बी*१५०२ या जनुकीय वारशाशी जोडलं आणि २००७ पासून अमेरिकेत आशियाई वंशाच्या रुग्णांची आधी तपासणी करण्याचा सल्ला दिला जातो. आपल्याकडे चिठ्ठी लिहिणारा प्रत्येक जण ते विचारतो, असं म्हणता येणार नाही.

आता त्या आईकडे. १९७६ च्या दुरुस्तीनं हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणाऱ्या वेडाच्या झटक्यांच्या शेजारी अपस्मार जाऊन बसला: त्याचे झटके येणाऱ्या माणसाचं लग्न त्या कलमाखाली रद्द करून मागता येत होतं. १९९९ साली तो शब्द कायद्यातून काढला. घरांतून तो निघायला वेळ लागतो आहे. पुण्यात 'संवेदना' या स्वमदत गटाला अपस्मार असलेल्यांसाठी वेगळं विवाहमंडळ चालवावं लागतं, यावरून काय ते समजावं. अशा घरात हिरडी ही चुगली करणारी जागा असते. फिट चार भिंतींत लपते, गोळीची पट्टी डब्यात लपते. लग्नाच्या फोटोत हसताना हिरडी लपत नाही. म्हणून दाताच्या डॉक्टरकडे येतानाही घरचे गोळीचं नाव घेत नाहीत. यात भर पडते ती फिट आल्यावरच्या उपचारांची: दातखीळ बसली की चमचा किंवा किल्ली दातांत घालायची, कांदा नाहीतर चप्पल हुंगवायची. चमच्यानं तुटलेले पुढचे दात आणि गोळीनं वाढलेली हिरडी एकाच तोंडात दिसली की निदान वेगळं करायची गरज उरत नाही.

गोळीचं नाव न सांगणं मात्र महागात पडतं. कार्बामाझेपिनवर असलेल्या रुग्णाला दाताच्या सुजेसाठी एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन दिलं, तर रक्तातलं कार्बामाझेपिन वाढून माणूस झोकांड्या खाऊ शकतो. तोंडातल्या बुरशीसाठी दिलेलं फ्लुकोनॅझोल फिनिटॉइनच्या बाबतीत तेच करतं. त्याहून मोठी चूक घरी होते: हिरडीची भीती घातली गेली म्हणून कुणी गोळी एकदम बंद करतं, आणि एकामागून एक न थांबणाऱ्या आकड्यांनी अतिदक्षता विभाग गाठतं. गोळी बदलायची तर ती न्यूरॉलॉजिस्टनं, हळूहळू. बदलली तर हिरडी काही महिन्यांत बऱ्याच अंशी खाली येते. बदलता येत नसेल तर जादा हिरडी कापून काढतात, स्केलिंग नेमानं करतात, आणि तरी ती पुन्हा वाढू शकते. फिनिटॉइन आपल्या बाजारात टिकून आहे ते स्वस्ताईमुळे. महिन्याचं औषध थोड्या पैशांत मिळतं आणि नव्या औषधांचं बिल शेतमजुराच्या घरात परवडत नाही.

राहता राहिलं फॉलिक ॲसिड. एम्सच्या त्या प्रयोगात ते औषध सुरू होतानाच दिलं होतं, हिरडी वाढण्याआधी. वाढलेली हिरडी त्यानं खाली बसते, असं त्या प्रयोगातून निघत नाही. आणि ते जास्त मात्रेत घेतलं तर फिनिटॉइनचीच रक्तातली पातळी उतरते, म्हणजे फिट परत येण्याची शक्यता. दुकानात मिळणारी पाच मिलिग्रॅमची गोळी एम्सच्या मात्रेच्या दसपट आहे. गरोदर राहू पाहणाऱ्या, फिटच्या औषधांवर असलेल्या बाईला न्यूरॉलॉजिस्ट ती लिहून देतात; त्याच बाईच्या दहा वर्षांच्या भावाला फिनिटॉइन सुरू करताना फॉलिक ॲसिडची कमी मात्रेची गोळी चिठ्ठीवर आली की नाही, हे बहुतेक वेळा तो पहिल्यांदा दात दाखवायला येतो तेव्हा कळतं.